किरणांची मात्रा

मराठीच्या मास्तराची 'मात्रा' या शब्दाशी दोन ठिकाणी गाठ पडते. पहिली बाराखडीत. 'कळ' या शब्दावर एक मात्रा दिली की 'केळ' होते. कळ सोसावी लागते आणि केळ खाता येते, एवढा फरक त्या एका तिरप्या रेघेने पडतो. दुसरी मात्रा वैद्याच्या बटव्यातली. सहाणेवर चार वळसे उगाळून मधातून चाटवली तर ती बाळाला बाळसे आणते. पण कुणी उतावळ्या आजीने वाटीभर पाजली तर वैद्यालाच बोलावणे पाठवावे लागते. 'मात्रा लागू पडली' आणि 'कुणाची मात्रा चालेना' हे वाक्प्रचार या दुसऱ्या मात्रेचे.

यंदा संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'काहीतरी खुसखुशीत' मागितले होते. खुसखुशीत जिन्नस आपापल्या घरच्या डब्यांत असतीलच, या भरवशावर मी या पानाच्या नेहमीच्या वाचकांना आज एका तिसऱ्याच मात्रेविषयी सांगणार आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि अंगाला लागतही नाही. ती म्हणजे किरणांची मात्रा. क्ष-किरण, गॅमा किरण, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन जागचे उडवून लावण्याइतकी ताकद ज्यांच्यात असते, ते किरण.

विषय मराठीच्या मास्तराचा नव्हे, हे खरे. परंतु त्याकडे मी वळलो तो एका शब्दामुळेच. आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली अशा साऱ्या मराठवाड्यातून तेथे माणसे येतात. त्यांच्या तोंडी किरणोपचाराला एक घरगुती शब्द आहे: 'शेक'. "आईला पंचवीस शेक सांगितलेत." "आमचे बारा शेक झाले, आता तेरा राहिले." कुणी 'लाईट' असेही म्हणतात, पण शेक हा शब्द अधिक रुळलेला. विटेचा शेक, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, तसाच हाही एक. शब्द मोठा मायेचा आहे. पण माणसाच्या मनात भीती शिरते तीही त्याच शब्दातून. पंचवीस वेळा भाजून घेतल्यावर माणूस उरेल कसा, असे घरच्यांना वाटू लागते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत एका कुटुंबाकडे वैजापूर तालुक्यातले त्यांचे मामा उपचारासाठी राहिले होते. कांद्याचे शेतकरी. तंबाखूची चंची आयुष्यभर कनवटीला. तिनेच गालात गाठ दिली. त्यांना तेहतीस शेक सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात तोंड आले, घास गिळेना, गालाची कातडी काळवंडली. तशात वसुबारस चार दिवसांवर आली. मामांनी ठरवले, दिवाळीला घरी जायचे, तोंडाला जरा विसावा द्यायचा, आणि भाऊबीज उरकून पुढल्या आठवड्यात उरलेले शेक घ्यायचे. भाच्याला ते पटेना, पण मोठ्या माणसाला सांगणार कोण? तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही जरा मामांशी बोला ना." मराठीचा एम. ए. झालेला मनुष्य सर्व विषयांत शिकलेला असतो, हा समज आपल्या समाजात अजून टिकून आहे. मी त्याला दोन दिवस मागून घेतले. पुस्तके चाळली, ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जाऊन बसलो, आणि मग मामांकडे गेलो. तेव्हा जे समजून घेतले ते आज येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, शेक हा शब्द जितका मायेचा तितकाच फसवा आहे. कारण या सगळ्या प्रकारात उष्णतेचा संबंध नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापाने मोजतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावावरून ते नाव पडले. एक किलो वजनाच्या पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. आता गंमत पाहा. माणसाच्या सर्वांगावर एकदम चार ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांपैकी जवळपास निम्मी दोन महिन्यांच्या आत दगावतात. पण सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात त्या चार ग्रेमधून ऊर्जा किती जाते? अवघी २८० ज्यूल. कढत चहाचा एक लहानसा चमचा घशाखाली उतरला की तेवढीच उष्णता पोटात जाते. थर्मामीटरला अंशाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडेल. चहाच्या चमच्याने कुणी मरत नाही, आणि तेवढ्याच ऊर्जेच्या किरणांनी मात्र मरते. तेव्हा गोम ऊर्जेच्या आकड्यात नाही; ती ऊर्जा कुठे आणि कशी पडते यात आहे.

चहाची ऊब सगळीकडे सारखी पसरते. किरणांची ऊर्जा सुईच्या टोचण्यासारखी ठिकठिकाणी पडते, आणि त्या टोचण्या पेशीच्या गाभ्यात पोचतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनएचा धागा असतो. पीळ घातलेल्या दोरीच्या शिडीसारखी त्याची घडण. ही त्या पेशीची जन्मपत्रिका, दप्तर आणि कायद्याचे पुस्तक, सारे एकच. किरण कधी थेट तिच्यावर आदळतात; पण क्ष-किरण किंवा गॅमा किरण असले तर अधिक वेळा ते आसपासच्या पाण्याचे रेणू फोडतात, आणि त्यातून निघालेले अतिशय क्रियाशील तुकडे डीएनएला जाऊन डसतात. एका ग्रेच्या मात्रेने एका पेशीत शिडीची एकेरी बाजू सुमारे हजार ठिकाणी तुटते, आणि दोन्ही बाजू एकदम तुटण्याचा प्रकार पस्तीस-चाळीस ठिकाणी होतो.

आकडे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. एकेरी तुटी तर किरण नसतानाही, नुसत्या जगण्याच्या रहाटगाडग्यात, प्रत्येक पेशीत रोज हजारोंनी होतात, आणि पेशीतले डागडुजीचे खाते त्या दुरुस्त करीत असते. आपल्या वहीतले पान फाटले तर शेजारच्या मुलाच्या वहीवरून उतरवून घ्यावे, तसे समोरच्या बाजूवर बघून हे काम उरकते. दोन्ही वह्या एकाच पानावर फाटल्या की मात्र पंचाईत. तरीही बहुतेक दुहेरी तुटी काही तासांत सांधल्या जातात. ज्या राहतात, त्यांच्यावर पेशीचे पुढचे नशीब अवलंबून. एक तर सारे नीट जुळून पेशी पूर्ववत होते. नाहीतर दुरुस्ती हाताबाहेर गेलेली पाहून ती आपण होऊनच मोडीत निघते. किंवा ती जगते खरी, पण दुभंगून दोन पेशी होण्याची तिची शक्ती जाते. म्हणजे पेशी आहे, पण तिचा वंश खुंटला. आणि चौथा प्रकार, दुरुस्ती होते पण चुकीची. पेशी त्या चुकीसकट जगते, वाढते, आणि क्वचित कित्येक वर्षांनी त्या चुकीतूनच कर्करोग उद्भवतो. मात्रा थोडी असली तर पहिल्या प्रकाराचे पारडे जड राहते, मात्रा वाढली की दुसऱ्या-तिसऱ्याचे.

यांपैकी वंश खुंटण्याचा प्रकार मामांना समजावून देणे मला सर्वांत सोपे गेले, कारण ते कांदेवाले. कांदाचाळीत माल चार-पाच महिने राहिला की कोंब फुटू लागतात आणि भाव पडतो, हे दुःख त्यांना सांगायला नको. त्यांच्या गावापासून लासलगाव जवळ. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' नावाचे केंद्र उभारले आहे. जाड भिंतींच्या आड किरणोत्सर्गी कोबाल्ट ठेवलेला असतो, आणि त्याच्या गॅमा किरणांसमोरून शेतमालाचे खोके फिरवून आणतात. कांद्याला साठ ते नव्वद ग्रे इतकी मात्रा देतात. कांदा शिजत नाही, कुजत नाही, त्याची चव जात नाही. फक्त त्याच्या पोटात कोंबाचा जो इवलासा गाभा असतो, तेथल्या पेशींची दुभंगण्याची ताकद संपते. पाकळ्यांतल्या पेशी वाढायच्या थांबलेल्याच असतात. त्यांना या मात्रेचे फारसे सोयरसुतक नसते. कांदा जिवंत, कोंब मात्र निर्वंश.

ही केवळ कांद्याची गोष्ट नव्हे. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ साली उंदरांवरील प्रयोगांतून हाच नियम मांडला होता: ज्या पेशी भराभर दुभंगत असतात आणि अजून कुठल्याच एका कामात स्थिरावलेल्या नसतात, त्या किरणांना लवकर बळी पडतात. नियमाला अपवाद आहेत, पण शंभर-सव्वाशे वर्षे तो मोठ्या अंगाने टिकला आहे. पुढे १९५६ साली पक आणि मार्कस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशींवर क्ष-किरण सोडून, त्यांतल्या कितींपासून पुन्हा वसाहत उगवते हे मोजले. तेव्हापासून पेशी मेली की नाही हे तिचा वंश चालतो की नाही यावरून ठरवतात. मामांच्या भाषेत, कोंब फुटतो की नाही यावरून.

आता एकाच कोबाल्टच्या एकाच किरणांची मात्रा वाढवत नेली की काय काय होते, ते बघण्याजोगे आहे. कांद्याहून वरची पायरी आंब्याची. हापूस, केशर यांच्या पेट्या अमेरिकेला जायच्या तर फळमाशी आणि कोयीतला भुंगा तिकडे जाता कामा नये, अशी त्या देशाची अट. त्यासाठी किमान चारशे ग्रेची मात्रा देतात, आणि २००७ साली लासलगावच्या केंद्रातून आंबा याच रीतीने अमेरिकेला गेला. या मात्रेने कीड तत्क्षणी मरतेच असे नाही, पण तिला पिल्ले होत नाहीत. त्याहून वर मसाल्याच्या पदार्थांची पायरी. वाशीला २००० सालापासून तिखट, हळद, मिरी यांवर किरण सोडण्याचे केंद्र चालते. जंतू आणि बुरशी मारायची तर तेथे सहा हजारांपासून चौदा हजार ग्रेपर्यंत जावे लागते. आणि शस्त्रक्रियेची उपकरणे, सलाईनच्या नळ्या, मलमपट्ट्या पुरत्या निर्जंतुक करायच्या, तर पंचवीस हजार ग्रे. हे काम तुर्भ्याच्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून सुरू झाले. प्राणी जितका साधा आणि त्याच्यातला डीएनए जितका थोडा, तितकी त्याला मारायला मात्रा मोठी, असा ढोबळ हिशेब आहे. त्यातही एक जंतू असा निघाला की, १९५६ साली अमेरिकेत मांसाचे डबे किरणांनी निर्जंतुक केले असता त्यातूनही तो वाचला आणि मांस नासले. तो पाच हजार ग्रे सहज पचवतो. त्याचे डीएनए तुटत नाही असे नव्हे. फुटलेल्या बांगड्यांसारखे त्याचे शेकडो तुकडे होतात, पण काही तासांत तो ते जुळवून पुन्हा अखंड करतो. दुरुस्तीचे खाते कर्तबगार असले की काय होते याचा हा दाखला.

याच पायऱ्यांवर शेंगदाणाही आहे. बियाण्याला बेताची मात्रा दिली की पुष्कळशी बी उगवते, पण कुठेकुठे डीएनएमधली ती चुकीची दुरुस्ती राहते. लाखांत एखादी चूक शेतकऱ्याच्या पथ्यावर पडते. तिची निवड आणि संकर करीत करीत तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी भुईमुगाचे कितीतरी वाण तयार केले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर केलेला 'टॅग २४' हा वाण तर उन्हाळी भुईमुगात घरोघरी माहीत झाला. चौथ्या प्रकारची पेशी माणसात रोग होते आणि शेतात वाण होते, एवढाच भेद.

आणि माणूस? माणूस या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर. कांद्याला साठ ग्रे सोसतात, माणसाला सर्वांगावर चार झेपत नाहीत. कारण आपल्या शरीरात कोंब फुटायचे कधी थांबतच नाहीत. हाडांच्या मगजात रक्तपेशी अहोरात्र तयार होत असतात, आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. ते कोंब खुंटले की जुना साठा संपेपर्यंत माणूस चालता-बोलता राहतो, आणि मग रक्तस्राव, जुलाब, जंतुसंसर्ग यांनी आडवा होतो. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत हेच घडले. एक जुने, बंद पडलेले गॅमा किरणांचे यंत्र भंगारात विकले गेले होते. आत कोबाल्ट आहे याची कल्पना नसताना तेथील माणसांनी ते फोडले. कित्येक जण आजारी पडले, आणि त्यांतला एक जण दगावला.

इथवर ऐकून मामांनी चाणाक्षपणे माझी वाट अडवली. "चार ग्रेनं माणूस मरतो म्हणता, आणि मला तर डॉक्टर सहासष्ट देणार हायेत. मग मी जिता कसा?" प्रश्न लाखमोलाचा होता. त्याला उत्तरे दोन.

पहिले उत्तर जागेचे. मामांचे सहासष्ट ग्रे सर्वांगावर नव्हेत. गालाच्या त्या गाठीवर आणि तिच्या आसपासच्या वीतभर जागेवर. हाडांचा मगज, आतडी या सगळ्यांना त्यांची झळ नगण्य. उपचाराआधी चेहऱ्याचा साचा करणे, स्कॅन काढणे, कातडीवर खुणा करणे, यांत दिवसच्या दिवस जातात ते त्यासाठीच.

दुसरे उत्तर हप्त्यांचे. सहासष्ट ग्रे एकदम नव्हेत, रोज दोन याप्रमाणे तेहतीस दिवस. यामागची कथा अशी की, १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याला वंध्य करण्याइतकी मात्रा एकदम दिली की वरची कातडी जळून जाई. तीच थोडी थोडी करून कित्येक दिवसांत दिली की मेंढा वंध्य होई आणि कातडी शाबूत राही. भराभर वाढणाऱ्या पेशींच्या जागी गाठ आहे असे समजावे आणि कातडीच्या जागी आपली निरोगी पेशी, हे त्याच्या पाठोपाठ सुचले. पुढे १९५९ साली एलकाइंड आणि सटन यांनी पेशींवर प्रत्यक्ष मोजून दाखवले की, दोन मात्रांमध्ये काही तास गेले तर पेशी बरीचशी इजा भरून काढते. निरोगी पेशी हे काम सहसा चांगले करतात. कर्करोगाच्या पेशींचे दुरुस्तीचे खाते बहुधा गबाळे असते. रोजच्या शेकातून दोघींनाही मार बसतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक पुष्कळशी सावरलेली असते आणि दुसरी तितकी नाही.

आता साधी त्रैराशिकाची गोष्ट. दोन ग्रेच्या एका शेकाने गाठीतल्या साधारण निम्म्या पेशींचा वंश खुंटतो असे धरू. काही गाठींत अधिक, काहींत कमी. सुपारीएवढ्या गाठीत पेशी शंभर कोटींच्या घरात असतात. पहिल्या शेकाला पन्नास कोटी राहिल्या, दुसऱ्याला पंचवीस. दहाव्या शेकाअखेर हजारात एक उरते, विसाव्याअखेर दहा लाखांत एक, आणि तिसाव्याअखेर शंभर कोटींत एक. म्हणजे विसाव्या शेकाला गाठ डोळ्यांना दिसेनाशी झाली, दुखणे थांबले, तरी आत हजारभर पेशी जिवंत असू शकतात. शेवटचे दहा-बारा शेक दिसणाऱ्या गाठीसाठी नसतात. न दिसणाऱ्या या हजारांसाठी असतात. अनेक माणसे नेमकी तेथेच उपचार सोडतात, "आता तर बरे वाटते" म्हणून.

तोंड येते तेही याच नियमाने. तोंडाच्या आतले अस्तर सतत झिजते आणि सतत नवे होते. नवे येणे मंदावले की दोन-तीन आठवड्यांत जुने संपते आणि तोंड सोलवटते. म्हणून त्रास पहिल्या दिवशी होत नाही, तिसऱ्या आठवड्यात होतो. आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत अस्तर पुन्हा भरून येते. किरणांनी माणूस 'आतून जळतोय' अशी ती खूण नसते. त्यावर मलम, वेदनाशामके, पातळ अन्न, गरज पडल्यास नाकातून नळी, असे उपाय असतात. पण मध्येच उपचार थांबवणे हा उपाय नव्हे. कारण ज्या सुटीत तोंडाचे अस्तर सावरते, त्याच सुटीत गाठही सावरते. सावरते इतकेच नव्हे, उपचार सुरू होऊन चार आठवडे झाले की उरलेल्या कर्कपेशी आधीपेक्षा जलद वाढू लागतात, असे डोक्या-मानेच्या कर्करोगात दिसून आले आहे. या कर्करोगांत, तसेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, उपचार जितका एक दिवस लांबतो तितकी गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. दहा दिवसांची दिवाळी म्हणजे दहा टक्के. घरात एवढी महाग दिवाळी कुणी साजरी करीत नसेल.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे हराळीचीच गत म्हणा की. अर्धं रान खुरपून सणाला गेलं, की परत आल्यावर पैल्यापासून." मी दोन दिवस वाचून जे वाक्य शोधत होतो ते त्यांच्या खिशात होते. दुसऱ्या दिवशी ते भाच्याबरोबर जाऊन डॉक्टरांशी बोलले. रुग्णालयाच्या सुटीमुळे जो शेक चुकणार होता, तो पुढे एका दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन देऊन भरून काढला. दोहोंत निदान सहा तासांचे अंतर ठेवून, म्हणजे तेवढ्यात निरोगी पेशींची डागडुजी उरकते. दिवाळीला मामा गावी गेले नाहीत. गावच त्यांच्याकडे आले. मामींनी तंबाखूची चंची मात्र चुलीत घातली, तीही शास्त्राला धरूनच. प्राणवायू भरपूर मिळणाऱ्या पेशींवर किरणांचा परिणाम अडीच-तीन पट होतो, हे ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले आहे. धुरामुळे रक्तातला प्राणवायू घटतो. विडी-सिगारेट ओढत घेतलेला शेक म्हणूनच कमी लागू पडतो. तंबाखू चघळण्याने आलेले तोंड आणखी चिघळते. शेक चालू असताना डॉक्टर हिमोग्लोबीन वारंवार का तपासतात, याचेही कारण त्या प्राणवायूतच आहे.

हे झाले मोठ्या मात्रेचे. आपणां निरोग्यांना पडणारा प्रश्न छोट्या मात्रेचा असतो. येथे माप 'मिलिसीव्हर्ट'. क्ष-किरण आणि गॅमा किरणांपुरते ते ग्रेचा हजारावा भाग समजायला हरकत नाही. जमीन, आकाश, हवा, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. आपल्या मराठवाड्याचा काळा कातळ, ज्यात वेरूळची लेणी खोदली, या बाबतीत मोठा शांत. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात किरणोत्सर्गी द्रव्ये थोडी. उलट केरळच्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर थोरियमची वाळू आहे आणि तेथे मात्रा कितीतरी पटींनी अधिक. तेथील सुमारे सत्तर हजार लोकांवर दहा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. जपानमध्ये हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पाहणीत मात्र मोठ्या मात्रेबरोबर कर्करोग वाढत गेलेला स्पष्ट दिसतो. शंभर मिलिसीव्हर्टच्या खाली ही वाढ इतकी बारीक होते की, इतर कारणांच्या गर्दीतून ती वेगळी काढणे कठीण. म्हणून सुरक्षेचे नियम करणारे सावधपणाने असे धरून चालतात की, मात्रा जितकी, तितका धोका. थोड्या मात्रेला थोडा, पण शून्य नव्हे.

या हिशेबाने छातीचा एक एक्स-रे म्हणजे मिलिसीव्हर्टचा दहावा भागही नाही. डॉक्टरांनी काढायला सांगितला तर मनात किंतु नको. पोटाचा सीटी स्कॅन मात्र आठ-दहा मिलिसीव्हर्टचा, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतका. त्यातून पुढे आयुष्यात जिवावर बेतणारा कर्करोग होण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एकाची धरतात. अपेंडिक्स फुटल्याची शंका असेल तर त्या एकाचा विचार करणे हा वेडेपणा. पण शेजाऱ्याने केला म्हणून, किंवा 'एकदा सगळे बघून टाकू' म्हणून, स्कॅन करून घेण्याचा जो शौक शहरांत वाढला आहे, त्याला काही अर्थ नाही. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे, कारण मूल म्हणजे नखशिखांत कोंब. "हा स्कॅन नसता तर उपचार बदलला असता का?" एवढे डॉक्टरांना विचारायला कुठल्याच आईने संकोच करू नये. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर ते यंत्राच्या खोलीत शिरण्याआधी सांगावे.

शेवटी एक घरगुती सूचना. बाहेरून यंत्राने शेक घेणाऱ्या माणसाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच ते. लासलगावचा कांदाही किरणोत्सर्गी होत नाही. किरणोत्सर्गी आयोडिनसारखे औषध पोटात दिले असेल तरच काही दिवस अंतर पाळायचे असते, आणि ते डॉक्टर सांगतात. एरवी नातवंडांना त्या माणसाच्या मांडीवरून उचलून नेण्याचे काहीही कारण नाही. तुमच्या गल्लीत यंदा असे कुणी शेकासाठी येऊन राहिले असेल, तर त्यांच्याकडे जरूर जा आणि घटकाभर बसा. फराळाचा डबा नेण्याआधी तोंड आले आहे का ते विचारा. आले असेल तर चकली राहू द्या. दुधातला पातळ शिरा करून न्या. आणि "किती शेक राहिले?" असे विचारून, ते एकही न चुकता पुरे होतील यासाठी रिक्षाची, डब्याची किंवा सोबतीची काय मदत हवी, तेही विचारून या.